बोर्दोवाल्यांसाठी कुळथाचं कढण

चारशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांच्या तब्येतीची आमच्या पार्सिपनीच्या काकांइतकी काळजी करणारा जिवंत माणूस अख्ख्या न्यू जर्सीत सापडणार नाही. काका मूत्रपिंडाचे डॉक्टर, रिटायर झालेले. काकू गेल्यापासून एकटेच. दोन हजार तीन साली मी त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा पोळ्या करायला जायची. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही सातवीच्या मास्तरांना दया आली म्हणून. इथली हायस्कूलच्या तोडीची परीक्षा द्यायची मला फार हौस. पण इंग्रजीत निबंध म्हटलं की हात थिजायचा. एकदा तर कागद कोरा देऊन, वर सुपरवायझरला थँक्यू म्हणून परत आले होते. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "डोन्ट वरी. निबंध मी शिकवतो. तू पोळ्या लाट."

मी कणीक मळायला घेतली की काका ओट्याशी स्टूल ओढून बसत आणि युरोपातल्या बातम्या देत. त्यांना नाद रेनेसाँच्या लेखकांचा, पण नाव कुणाचंच घेत नसत. "घरच्या मोठ्या माणसांची नावं घेतो का आपण?" म्हणायचे. आपले जळगाववाले, साताऱ्याचे, तसे त्यांचे फ्लॉरेन्सवाले, स्पेनवाले, लंडनवाले, बोर्दोवाले. मी आपली समजले, काकांचा गोतावळा मोठा आहे आणि सगळे चांगल्या देशांत सेटल झालेत.

"फ्लॉरेन्सवाल्यांची नोकरी गेली गं," काका एकदा म्हणाले. "खेड्यात राहतात, दिवसभर पत्ते कुटतात. आणि संध्याकाळी दरबारी कपडे घालून पुस्तकं वाचायला बसतात!" तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत लेऑफ झालेला, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी विचारलं, "मग त्यांच्या व्हिसाचं काय?" "तोही प्रश्नच होता म्हणा," काका म्हणाले. स्पेनवाल्यांचा एक हात लढाईत निकामी झाला, तरी तुरुंगात बसून ते लोकांना हसवायचे बेत करत, हे ऐकून मी पोळी करपवली. लंडनवाल्यांचं थिएटर साथीमुळे बंद पडलं, त्या दिवशी साबणाने दोनदा हात धुतले. आणि हे सगळं चालू असताना मनात एकच धाकधूक, की काका धडा कधी सुरू करणार?

मग बोर्दोवाले आजारी पडले. "मुतखडा पुन्हा उठलाय," काका हळहळले. "घोड्यावरून गावोगाव हिंडतात, झऱ्यांचं पाणी पितात. गुण नाही." एवढे किडनीचे डॉक्टर, आणि घरच्याच माणसापुढे हात टेकले! पुढच्या खेपेला मी कुळथाचं कढण करून, स्टीलच्या डब्याला दोन रबरबँड लावून नेलं. "काका, हे बोर्दोवाल्यांना पाठवा. कुरियरनं जाईल ना?"

"अगं सुमन, ते गेले."

मी घाईने शेगडी बंद केली. "अरे देवा! केव्हा?"

"चारशे वर्षं होऊन गेली."

ओव्हनमध्ये मावले असते तर मी तिथेच शिरले असते. उद्यापासून यायचं नाही असं ठरवून मी डबा उचलायला गेले, तर काकांनी तो आधीच उघडलेला. उभ्या उभ्या सगळं कढण प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, "निबंध हा प्रकारच या माणसानं सुरू केला, आणि त्यात जन्मभर स्वतःच्या फजित्याच लिहिल्या. विसराळूपणा, पोटदुखी, खडे, सगळं. लाज नाही बाळगली. तू आज त्यांच्या पंगतीला बसलीस बघ. आता लिही."

परीक्षेत विषय आला, 'माझ्या हातून झालेली एक चूक'. हात थिजलाच. मग डोळ्यांसमोर तो रबरबँडचा डबा आला. कुळथाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून 'आमच्या गावची तपकिरी डाळ' असं लिहिलं आणि दोन्ही पानं भरली.

पास झाल्याचं पत्र आलं तोवर काकांची लेक त्यांना आपल्याकडे क्युपर्टिनोला घेऊन गेली होती. मी फोन केला. त्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "बोर्दोवाल्यांना कळवायला हवं."

अजून दर रविवारी त्यांचा फोन येतो. परवा शेजारीण बसली होती, तिने विचारलं, "कोण गं?" या देशात माझं नात्याचं कुणी नाही हे तिला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "आमचे क्युपर्टिनोवाले."