पान कन्नड झालं त्या दिवशी

माझी सासू अंगठाबहाद्दर आहे, हे मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. बोलणी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सासू अडाणी हाय, पन माणूस सोन्यासारखं." त्यातलं दुसरं खरं निघालं. पहिलं खोटं होतं, हे कळायला आम्हाला सव्वीस वर्षं लागली, आणि त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

माझं माहेर कळंबचं. सासर उमरगा तालुक्यात, मुरूमच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला इतकं चिकटून की आमच्या बांधावरून ढेकूळ फेकलं तर ते दुसऱ्या राज्यात पडतं. इथं घराघरात कन्नड बोलतात, पण शाळा मराठी. त्यामुळं गावात कन्नड न बोलणारं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि कन्नड वाचणारंही सापडायचं नाही. मठातले स्वामी तेवढे वाचतात. बाकी सगळे मायबोलीचे आंधळे, आमचे हेसुद्धा.

आमचे हे म्हणजे शिवपुत्र. घराच्या पुढच्या खोलीत यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. गावातल्या प्रत्येकाचा ऑनलाइन अर्ज हेच भरतात, त्यामुळं स्वतःला मोठे कॉम्प्युटरवाले समजतात. समजू देत, माझं काय जातंय.

सासूबाईंचं नाव महादेवी, पण आम्ही सगळे त्यांना आव्वा म्हणतो. माहेर हद्दीपलीकडं, कर्नाटकातल्या आळंदकडचं. उंच, सरळ, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि जीभ अशी की भाजीवालाही आमच्या दारात जपून ओरडतो. खळ्यावर धान्याची रास करताना एक गाणं, बाळंतिणीला न्हाऊ घालताना दुसरं, पाहुणे उठून गेल्यावर त्यांची टिंगल करायला तिसरं. सगळी कन्नडमध्ये. लग्नानंतर वर्षभर मला त्यातलं काही कळायचं नाही. कळायला लागलं तेव्हा समजलं की त्यातलं एक टिंगलीचं गाणं माझ्या माहेरच्यांवर होतं. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेच गाणं माझ्याकडून म्हणून घेतलं.

यांनी काही वर्षांपूर्वी आव्वांच्या गाण्यांचा ब्लॉग काढला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की आव्वा बाजेवर बसून म्हणायच्या आणि हे कॉम्प्युटरवर टाइप करायचे. भाषा कन्नड, अक्षरं मात्र मराठी, कारण यांना तेवढीच येतात. वही नाही, कागद नाही, थेट ब्लॉगवर. मी म्हणायची, कुठंतरी उतरवून ठेवा. हे म्हणायचे, "इंटरनेटवरचं कुठं जातंय?"

मागच्या थंडीत आव्वांना हलका झटका येऊन गेला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, गाणी मात्र गेली. आता दोन ओळी म्हणतात आणि पुढं काय, म्हणून माझ्या तोंडाकडं बघतात. मला रडू येतं. म्हणजे आता ती गाणी जगात एकाच ठिकाणी उरली होती, यांच्या ब्लॉगवर.

आणि तोच ब्लॉग यांनी हाताने घालवायला काढला.

झालं असं, की यांच्या आळंदकडच्या मामेभावाचा, सिद्रामप्पांचा फोन आला. ते म्हणाले, अत्तीची, म्हणजे आत्याची, गाणी आहेत, पण आमच्या पोरांना तुझी अक्षरं वाचता येत नाहीत, कन्नड कर की. यांच्या अंगात आलं. सेटिंगमध्ये गेले. तिथं भाषा निवडायची सोय दिसली. यांना वाटलं, मराठीच्या जागी कन्नड निवडलं की सगळी गाणी आपोआप कन्नड अक्षरात होऊन बसतील. आईची भाषा, आपलीच भाषा, त्यात घाबरायचं काय? दाबलं.

मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेरून हाक आली, "अगं ए, बाहेर ये!" आवाज असा की मला वाटलं आव्वांनाच काही झालं. पिठाचे हात तसेच घेऊन धावले. आव्वा बाजेवर ठणठणीत होत्या. हे मात्र कॉम्प्युटरपुढं घामाघूम.

पडद्यावरची सगळी बटणं, तारखा, सूचना, झाडून सारं कन्नड झालेलं. गाणी तेवढी होती तशीच मराठी अक्षरात. म्हणजे जे बदलायचं ते बदललं नाही आणि जे नको ते बदलून बसलं. आणि परत मराठी करायचं बटणही आता कन्नडमध्ये.

"वाचा की मग," मी म्हणाले.

"येत असतं तर तुला बोलावलं असतं का?"

जन्मल्यापासून ज्या भाषेत भांडले, ज्या भाषेत स्वप्नं बघितली, तिच्यापुढं माझा नवरा आडगावच्या बस स्टँडवर चुकलेल्या माणसासारखा उभा. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण यांनी चाचपडत कुठंतरी दाबलं आणि यादीतलं पहिलं गाणं नाहीसं झालं. राशीचं गाणं. आव्वांचं सगळ्यात लाडकं.

आम्ही दोघं थिजलो.

"गेलं?" मी विचारलं. सृष्टीला, आमच्या मुलीला, फोन लावला तर ती लातूरला परीक्षेला बसलेली, फोन बंद. स्वामी जत्रेला गेलेले. मी म्हणाले, हात लावू नका, संध्याकाळपर्यंत थांबा. पण हा माणूस थांबेल तर शपथ. गेलेलं परत आणायला अजून एक बटण दाबलं, तसा पडद्याच्या मधोमध छोटा चौकोन आला. त्यात दोन शब्द. दोन्ही कन्नड. यांचं बोट त्यातला एक दाबायला निघालं.

"त्ये दाबू नगंस."

आवाज मागून आला. आव्वा बाजेवरून उठून यांच्या खुर्चीमागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, मान पुढं काढली आणि पडद्यावर बोट टेकवून एकेक अक्षर उच्चारलं, "अ… ळि… सि." मग म्हणाल्या, "पुसून टाका म्हणतंय त्ये. तुला पुसायची हायत का गाणी?"

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. मला तो येत होता आणि तरी पाय हलत नव्हते. हे खुर्चीत वळून आईकडं असे बघत होते, जणू भिंत बोलली.

"आव्वा, तुला वाचता येतंय?"

"न यायला काय झालं? चौथी पास हाय मी. कन्नड शाळंत."

"मग आजवर सांगितलं न्हाईस?"

"इचारलं कुणी?"

एवढंच. त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र सव्वीस वर्षं उलटी फिरायला लागली. आळंदच्या स्टँडवर आम्ही दहा जणांना विचारत उभे असायचो आणि आव्वा बरोबर त्याच बसमध्ये जाऊन खिडकी धरून बसलेल्या असायच्या. आम्ही म्हणायचो, म्हातारीला माहेरचा वास येतो. हसायचो. बाई सरळ पाटी वाचत होत्या!

"आणि अंगठा?" मी कसंबसं विचारलं. "सगळीकडं अंगठा का लावताय मग तुम्ही?"

"लगीन होऊन आले, त्या साली कसल्यातरी कागदावर सही केली. माझ्या अक्षरात. समदे हसले. ही कसली किडामुंगी काढलीस म्हणले, अंगठा लाव. लावला." त्यांनी खांदे उडवले. "तवापासनं लावतेच की. आता सरक, बघू दे."

मग त्या वाचत गेल्या आणि हे दाबत गेले. चौकोनातलं दुसरं बटण रद्द करायचं होतं, ते आधी दाबलं. एका ठिकाणी आव्वा अडखळल्या. "ड्रा… फ्ट. ह्ये कसलं कन्नड?" हे खुर्चीतून उडाले, "ड्राफ्ट! ड्राफ्ट म्हणजे कच्चं ठेवलेलं!" अक्षर यांना येत नव्हतं, शब्द त्यांना येत नव्हता. तिथंच राशीचं गाणं निवांत पडलेलं सापडलं. मी देवाला हात जोडले, पिठाचेच.

शेवटी भाषेचं बटण सापडलं. यादीत मराठी कुठं आहे तेही आव्वांनीच वाचून दाखवलं. हे दाबणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब. आदी माझी गाणी दाव. कन्नड केलंस न्हवं?"

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. इतकी हौस मी त्यांच्या चेहऱ्यावर नातीच्या बारशालाही बघितली नव्हती. यांनी मान खाली घालून राशीचं गाणं उघडलं.

आव्वा बघत राहिल्या. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, पुढं सरकवलं, परत मागं आणलं.

"ह्ये तर तुझंच अक्षर हाय."

"भाषा कन्नडच हाय, आव्वा. अक्षरं तेवढी…"

"माझंच गाणं न्हवं ह्ये?"

"व्हय."

इतकी वर्षं त्या बाजेवर बसून सांगत होत्या, लेक टाइप करत होता, आणि त्यांना वाचता येणार नाही अशा अक्षरात सगळं जात होतं. एकदाही कुणी म्हटलं नव्हतं, आव्वा, हे बघ तुझं गाणं. मीही नाही. त्या हळूहळू बाजेकडं परत गेल्या, बसल्या, आणि अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाल्या, "लाव बाबा तुझं मराठी. मला सवय हाय."

माझा नवरा रडला. दुकानात, उघड्या दारात, एक गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागत उभं असताना.

मराठी यांनी लावलं नाही. ब्लॉग अजून कन्नडमध्येच आहे. पन्नाशी उलटलेला हा माणूस आता सृष्टीच्या जुन्या पाटीवर आईकडून अक्षरं गिरवतो आणि चुकला की आईच्या शिव्या खातो. राशीचं गाणं कन्नड अक्षरात लिहून झालंय, निम्मं. यांना सगळ्यात आधी ओळखता आलेला शब्द म्हणजे 'अळिसि'. तो दिसला की हात मागं घेतात.

दुपारी जेवणं झाली की आव्वा चष्मा पुसून पाटी मांडीवर घेऊन बाजेवर बसतात. दुकानात गर्दी असली आणि यांना उशीर झाला, तर मला हाक मारतात.

"शिवपुत्र आला न्हाय का अजून? आज मला कायतरी इचारणार हुता."