ॲपमध्ये नंबर लागला, यादीत नाव नाही

मंडळी, आज काय झालं ते ऐका.

धंतोलीतल्या एका दवाखान्यासाठी मी नंबर लावायचं ॲप केलंय. आज पहिला दिवस. सकाळीच रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला, "पेशंट येऊन राहिले, अन् माझ्या यादीत एकही नाव नाही वं!"

धावत पोचले. गावाहून आलेल्या एक काकू मोबाइल दाखवत होत्या, "मले चौथा नंबर भेटला." रांगेतले मागचे ओरडत होते, "यादीत नाव नाही, खोटं सांगून मधे घुसू नका!"

लॅपटॉप उघडला. ॲप सर्व्हरला जोडणाऱ्या, एसडीके नावाच्या तयार कोडमध्ये मी चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता तसाच ठेवला होता. सगळी नावं तिकडेच गेली होती. ती ताईंच्या यादीत आणली आणि चूक माझी आहे, असं मोठ्याने सांगितलं.

काकू मागे वळल्या. "आता सांगा, मी खोटं बोलून राहिली होती का?"

आपण माणसाआधी यादीवर का विश्वास ठेवतो?