तीस पत्रे

आमच्या ह्यांची नोकरी ऐकली की माणसं अंग चोरून बसतात. गावाबाहेरच्या दलदलीत, लव्हाळ्यात, बेडकांच्या नादाने पाणदिवड साप राहतात. ते मोजायचे, हीच नोकरी. पाणदिवड विषारी नाही, पण धरला की अशी घाण सोडतो की कपडे तीनदा धुतले तरी वास जात नाही. सव्वीस वर्षं ते कपडे मी नाक मुरडत धुतलेत. किळस यायची, अजून येते. उगाच खोटं कशाला बोलू?

मोजायची रीत साधी. चिखलात तीस जुने पत्रे पसरलेले. सकाळच्या उन्हात पत्रा कोमट झाला की साप त्याखाली येऊन पडतात. पत्र्याची पलीकडची कड उचलायची, म्हणजे आपल्या आणि सापाच्या मध्ये पत्रा राहतो. बघायचं, हळूच ठेवायचं, वहीत लिहायचं.

मग तिथे गोदामं बांधायचं ठरलं. साप नाहीत असा कागद झाला की दलदल बुजवायला मोकळे. ह्यांचे साहेब पाहणीला आले ते भर दुपारी एकला. पत्रे तव्यासारखे तापलेले, खाली कोण मरायला बसणार? एकही साप निघाला नाही. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि सही करा म्हणाले. पत्रे सकाळीच उचलायचे, हे त्या साहेबांना नवखे असताना ह्यांनीच शिकवलं होतं. ऐकून मला शिसारी आली. एवढी सापाचीसुद्धा कधी आली नव्हती.

ह्यांनी सही केली, पण वर एक ओळ लिहिली: ‘दुपारी एकला पाहिलं. पत्र्याने हात भाजला.’ साहेबांनी कागद फाडला आणि दुसऱ्या कुणाची सही घेतली. महिन्याभरात दलदलीवर मुरूम पडला.

ह्यांनी ते पत्रे तेवढे घरी आणले आणि मागच्या नाल्याशेजारी टाकले. हे भंगार कशाला म्हणून मी तोंडाचा पट्टा सोडला. तेव्हापासून हे अर्धं ताट तसंच टाकायचे, सकाळभर खुर्चीत बसून राहायचे. पत्र्यांकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

परवा सकाळी कपडे वाळत घालायला गेले. ओली बादली एका पत्र्यावर आदळली आणि खालून वास आला. तो वास मला ओळखू येणार नाही होय? मी पलीकडची कड उचलली. पत्रा हळूच ठेवला, आत गेले आणि कपाटातली वही काढून ह्यांच्या पुढ्यात टाकली.

“एक आहे,” म्हटलं. “लिहा.”