दहावं नख

काका तेलाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेत, नख उन्हाकडे कलतं धरत आणि म्हणत, "थांबा जी, तेल बोलून राहिलं." त्या एकाच अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. बाकीची नऊ अगदी बारीक कापलेली.

भिलाईतल्या एका फाउंड्रीत ते यंत्रांना तेल घालायचे. राहायला कॅम्प-१ या कामगार वस्तीत. मी तिथल्या लहानशा लॅबमध्ये, नागपूरहून नुकतीच आलेली. लोखंडावर लोखंड घासलं की पिठाहून बारीक कीस पडतो आणि तेलात मिसळतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते नुसत्या डोळ्यांनी ओळखायचे. "पांढरं दिसलं त बुढापा, पिवळं दिसलं त बिमारी." पांढरं म्हणजे लोखंडाची नेहमीची झीज; पिवळं म्हणजे आतलं पितळेचं चाक झिजतंय.

एकदा मोठ्या क्रेनचं तेल तपासून मी 'ठीक' लिहिलं आणि सही ठोकली. ही क्रेन वितळलेलं लोखंड माणसांच्या डोक्यावरून न्यायची. दुपारी काका दारात.

"मॅडम, क्रेन रोका. पिवळं आहे."

"काका, मी सकाळीच तपासलंय." माझा आवाज चढला होता. नव्या डिग्रीला राग फार लवकर येतो हो!

त्यांनी वाद घातला नाही. "बाटली कालपासून उभी होती ना? माल खाली बसला असन. हलवून पाहा."

बाटली हलवून मी तेल गाळणकागदावर ओतलं. तेल झिरपलं, पिवळे कण राहिले. चुंबक फिरवला, तरी ते जागचे हलेनात; म्हणजे लोखंड नव्हे, पितळच. मी धावत जाऊन स्वतःचाच रिपोर्ट मागे घेतला.

क्रेन थांबवून गिअरबॉक्स उघडला, तर चाकाचे दात सुरीच्या पात्यासारखे पातळ झालेले. खाली काम करणारी माणसं वर बघत उभी राहिली. एवढं मोठं मरण एका नखावर मावलं होतं आणि या माणसाने ते वाचलं होतं! मी त्यांना विचारलं,

"कसं दिसलं तुम्हाला?"

"तीस बरस पाहून राहिलो, मॅडम. दिसनच ना."

पुढे काही वर्षांनी ते रिटायर झाले. त्याआधी सहा महिने लॅबमध्ये त्यांच्याकडून दुप्पट बाटल्या येत होत्या, आणि मी कुरकुरत तपासत होते. शेवटच्या दिवशी ते नखावर थेंब घेऊन आले.

"मॅडम, पाहून सांगा."

"तुम्हीच सांगा की."

ते ओशाळून हसले. "मले आता सगळंच चमकून राहिलं. डॉक्टर मोतीबिंदू म्हणते. सहा महिने झाले. म्हणून त इतक्या बाटल्या तुमच्याकडे पाठवून राहिलो होतो. तुमी हलवून पाहता, मले माहीत आहे."

त्यांचा हात धरून मी खिडकीशी नेला, नख उन्हाकडे कलतं केलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"साफ आहे, काका."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी चिंधीने अंगठा पुसला, माझ्या टेबलावरची कात्री मागितली आणि ते दहावं नखही कापून टाकलं.