लाल पेटीतल्या कुप्या

माझी मावशी एकोणीस वर्षं एकच काम करते आहे. इंजेक्शनच्या भरलेल्या कुप्या डोळ्यांनी तपासायच्या. कारखान्यातल्या त्या खोलीला खिडकी नाही. आत सोळा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि दिव्यामागे दोन पाट्या, एक काळी, एक पांढरी. कुपी मानेला धरायची, हलकेच फिरवायची, काळ्या पाटीसमोर पाच सेकंद आणि पांढऱ्या पाटीसमोर पाच सेकंद बघायची. आत काही चमकलं तर थांबायचं. वर चढला तो बुडबुडा, खाली बसली ती काच. तासाभराने दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, तेही कामच. आमच्या घरी आली तरी ती पाण्याचा ग्लास तोंडाला लावण्याआधी दिव्याकडे धरते. तिला ते कळतही नाही.

गेल्या वर्षी एके दिवशी सगळ्या जणींना कॅन्टीनमध्ये बोलावलं. मशीन विकणारा माणूस आला होता. त्याने मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. "माणसाचा डोळा दुपारनंतर थकतो. हा डोळा थकत नाही, आणि स्वतःहून शिकतो."

"जेवायलाही मागत नाही का हो?" बडबडीने विचारलं. ती मावशीच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तोंड बंद ठेवायचं काम तिला फक्त त्या दहा मिनिटांत जमतं.

सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. तिचं वय शेहेचाळीस. डोळ्यांची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती.

त्या दिवसापासून ती घाबरली. घरी शिवायला काही नसताना सुईत दोरा ओवून बघायची. गॅलरीतून खालच्या गाड्यांचे नंबर वाचायची. काका म्हणाले, "अगं, तू पोलिसात भरती झालीस का?" ती म्हणाली, "काही नाही, सहज." काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घरीच आहेत. दोघांत तिचीच नोकरी उरली होती.

आणि मी त्या आगीत तेल ओतलं. कॉम्प्युटर शिकलेला मी, जेवताना भारावून सांगत होतो, "मावशी, असली मशीनं मिनिटाला शेकडो कुप्या बघतात! चार-पाच वर्षांत हे काम माणसं करत होती यावर कोणाचा विश्वास बसणार नाही." तिने हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि मला आणखी वाढलं. ती स्वतः नीट जेवली नव्हती, हे मला फार उशिरा आठवलं.

मशीन आलं. खोलीच्या दाराशी ते बसवलं. कुप्या आधी त्याच्यातून जायच्या, नापास झालेल्या त्याच्या खालच्या लाल पेटीत पडायच्या, पास झालेल्या या बायकांच्या टेबलांवर यायच्या. तीन महिने अशी दुहेरी तपासणी होणार होती. नंतर काय ते ठरणार होतं. बायकांनी मशीनचं नाव ठेवलं नवी सून.

पहिल्याच आठवड्यात मावशीला एका पास झालेल्या कुपीत काच दिसली. बारीक, तळाशी, फिरवल्यावर क्षणभर उठून पुन्हा बसणारी. तिने बडबडीला दाखवली.

"टाक तिच्या पेटीत," बडबडी म्हणाली. "नवीन आहे बिचारी."

त्या खोलीची ही रीत फार जुनी. प्रत्येकीजवळ नापास कुप्यांची स्वतःची पेटी असते आणि पास झालेल्या काही कुप्या पुढची पुन्हा बघते. नव्या मुलीच्या नजरेतून कुपी सुटली तर पुढचीने ती गुपचूप उचलून त्या मुलीच्याच पेटीत टाकायची, म्हणजे तिच्यावर बालंट येत नाही. मावशी नवीन असताना तिलाही असंच सांभाळून घेतलं होतं. आता त्या रीतीला भीतीची जोड मिळाली. आपल्या पेटीत जास्त कुप्या दिसल्या तर साहेब म्हणणार, मुद्दाम चांगल्या कुप्या नापास करतात, मशीनवर जळतात. त्यापेक्षा लाल पेटी बरी. सोळाही जणी तेच करू लागल्या. बाकीच्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

डोळ्यांच्या तपासणीत मावशी पास झाली. घरी येऊन तिने सुईतला दोरा काढला आणि सुई डब्यात ठेवून दिली.

तीन महिने संपले आणि फळ्यावर कागद लागला. मशीनने एकही सदोष कुपी पुढे सोडलेली नाही. माणसांनी केलेल्या तपासणीत काहीही सापडलेलं नाही. सबब पुढच्या महिन्यापासून सोळांऐवजी चार जणी. नावं नंतर कळवण्यात येतील.

त्या संध्याकाळी ती थेट माझ्याकडे आली. तिने सगळं सांगितलं, लाल पेटीसकट.

"मावशी, तुम्ही पकडलेलं सगळं तिच्या नावावर लावलंत!"

"कळतंय रे मला. आता कळतंय." ती पदराचं टोक पिळत होती. "सांगितलं तर खोटी नोंद केली म्हणून काढतील. त्याला माफी नाही. नाही सांगितलं तर चौघींत माझं नाव येईल कशावरून? आणि आलं तरी... चार जणी किती बघणार? ती काच कोणाच्या तरी अंगात जाईल रे."

मला सुचलं ते मी विचारलं. "मशीन स्वतः मोजत नाही? नापास किती ते?"

"पडद्यावर येतो की आकडा."

"मग रजिस्टरात कोणता लिहितात?"

"पेटी मोजून लिहितात. पहिल्यापासून तसंच आहे."

म्हणजे दोन आकडे होते. तीन महिने रोज वेगवेगळे, आणि ते कोणी जुळवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनबाहेर उभी राहिली. दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा बडबडीने तिला मागून ढकललं आणि स्वतःही आत गेली.

"साहेब, त्या पेटीत आमच्याही कुप्या आहेत."

साहेब ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही काय बोलताय याची कल्पना आहे? मी रिपोर्ट वर पाठवलाय."

"पडद्यावरचा आकडा बघा साहेब. मशीनने स्वतः किती पकडल्या ते त्यात आहे."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "तो आकडा कमी येतो, हे मला माहीत आहे. मी विचारलं होतं. मशीनवाला म्हणाला, काउंटर मागे पडतो."

"आणि तुम्ही ऐकलंत?" बडबडी म्हणाली. "आमचं तर कधी ऐकलं नाहीत!"

मशीन तीन महिने स्वतःबद्दल खरं सांगत होतं. त्याचं कौतुक करणाऱ्यांनाच ते पटत नव्हतं.

साहेबांचा चेहरा मावशीने नीट बघितला. हा माणूसही घाबरला होता. रिपोर्टवर सही त्याची होती.

त्यांनी त्याच दिवशी लाल पेटीला कुलूप लावलं आणि संध्याकाळपर्यंत बायकांना सापडलेल्या कुप्या वेगळ्या ठेवायला सांगितल्या. संध्याकाळी टेबलावर अकरा कुप्या होत्या. साहेबांनी एक एक दिव्यासमोर धरली. पहिल्या दोनांत त्यांना काहीच दिसलं नाही. मावशीने त्यांचं मनगट धरून फिरवून दाखवलं. बडबडी पुटपुटली, "थकला वाटतं डोळा." त्यावर साहेबही हसले नाहीत.

फळ्यावरचा कागद निघाला. मावशीला खोट्या नोंदीबद्दल लेखी ताकीद मिळाली, सोळाही जणींना मिळाली. चार जणींची गोष्ट सहा महिने पुढे गेली. त्याबरोबर नवा नियम आला. मशीनकडून सुटलेली प्रत्येक कुपी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायची, काच कुठे आहे ते लिहायचं, आणि दर शनिवारी तो ट्रे मशीनवाल्याकडे जाणार.

तिने मला ट्रेबद्दल विचारलं. "ते काय करतात त्याचं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण खरं तेच सांगितलं. "त्या कुप्या मशीनला दाखवतात, मावशी. म्हणजे पुढच्या वेळी त्याच्याकडून सुटत नाहीत."

"म्हणजे आत्तापर्यंत शिकतच नव्हतं ते?"

"कसं शिकणार? त्याची चूक त्याला कोणी दाखवलीच नव्हती."

"मग आता शिकेल?"

"शिकेल. किती, ते माहीत नाही. कदाचित अकराच्या दोन होतील. कदाचित पाचावरच अडेल. मशीनवाला सांगतो तसं होईलच असं नाही."

"पण होऊ शकतं."

"हो."

सोमवारी ती कामाला गेली. पहिल्याच तासात तिला एक सापडली. तळाच्या गोलाईला चिकटलेली काच, इतकी बारीक की शेजारच्या टेबलावरून बडबडीलाही दिसेना. तिने कुपी ट्रेमध्ये ठेवली, चिठ्ठीवर जागा लिहिली, काच नेमकी कुठे ते कळावं म्हणून शेजारी छोटं चित्रही काढलं. चित्र चांगलं आलं होतं. हे बघून नवी सून नक्की शिकेल, असं मनात येऊनही तिने चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली. तिने पुढची कुपी उचलली.