अंगडी सरांची आमरी

नुडिनमनाला नीलांबिकेला बोलायला उभं केलं तेव्हा तिच्या डोक्यात सरांचे गुण नव्हतेच. सरांच्या घरी माडीवर कोपऱ्यात ठेवलेल्या दोन फळ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रांत दाबलेली एक आमरी, रानातलं इवलंसं ऑर्किड.

धारवाडात माणूस गेला की सभा भरवून शब्दांनी नमन करतात, तेच नुडिनमन. करावं, हरकत नाही. पण गुरुपादप्पा अंगडींनी चौतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या कॉलेजात आज बोलत होते ते प्राचार्य सरांना उभ्या जन्मात एकदाच भेटलेले. तेही सर पेन्शनच्या कागदावर सही मागायला गेले तेव्हा. ‘ज्ञानाचा वटवृक्ष,’ ते म्हणाले. सरांनी ऐकलं असतं तर विचारलं असतं, ‘कुठला वड? पान दाखवा.’

नीलांबिका दोन वाक्यं बोलली आणि खाली बसली. लोकांना वाटलं, बिचारीला गहिवरून आलं. गहिवर कसला, तिला लाज वाटत होती.

सोमवारी संध्याकाळी सरांचा फोन आला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी छत्री घेऊन, एसटीचे धक्के खात कलघटगीच्या रानात जाऊन म्हाताऱ्याने ती आमरी आणली होती. बोटभर उंचीची, जमिनीवर उगवणारी. विद्यार्थी असताना त्यांनी ती एकदाच पाहिली होती. पुढे कुणाला सापडली नाही, आणि बरोबरीचे प्राध्यापक आयुष्यभर चिडवत राहिले, ‘अंगडी, तुझी ती आमरी स्वप्नात उगवते काय रे?’

“नीला, सापडली,” सर म्हणाले. “हवा ओली आहे, कागद बदलायला हवेत. माझे हात कापतात गं. येतेस?”

सरांची जुनी विद्यार्थिनी नीलांबिका चौदा वर्षं ‘अतिथी’ अध्यापिका. नाव बघा! अतिथीला निदान कुणी चहा तरी विचारतं. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं. पाच तास ओरडून ती नुकती घरी येऊन पडली होती. पायांत गोळे आले होते.

“उद्या येते, सर,” ती म्हणाली.

“उद्या ये. घाई नाही,” सर म्हणाले. आणि मंगळवारी पहाटे ते गेले.

पावसाळ्यात दाबलेल्या झाडाचे कागद रोज बदलावे लागतात. दोन दिवस विसरलं की बुरशी, चार दिवसांत पार काळा चिखल. आज पाचवा दिवस होता. त्या माणसाच्या सगळ्या जन्माचा पुरावा आपल्या एका ‘उद्या’पायी कुजला, हे आता गौराक्कांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

सभा संपायच्या आत ती उठली आणि मालमड्डीला सरांच्या घरी गेली. गौराक्का, सरांची बायको, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. कपाळावर विभूती, डोळे कोरडे. लिंगायतांच्या घरात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे चूल बंद नव्हती.

“आलीस? झाली भाषणं?” गौराक्कांनी विचारलं. “किती जणांनी झाड म्हटलं त्यांना?”

“तिघांनी, अक्का.”

“मेल्यावरच लोकांना झाडं आठवतात. बस. भाकरी खा.”

“अक्का, माडीवर सरांचं झाड होतं. मला सोमवारी बोलावलं होतं त्यांनी. मी आले नाही.”

गौराक्कांनी हात पुसले. “माडीवर नाही ते. माडी गळते. इथं आणलंय.”

फळ्या चुलीजवळच्या फडताळात होत्या. नीलांबिकेने पट्टे सोडले. कागद कोमट होते.

“तुम्ही बदलले?”

“मग कोण बदलणार? तुमचे प्राचार्य?” गौराक्का म्हणाल्या. “शेचाळीस वर्षं बघतेय. या घरात पेपर आधी गवताला, मग माणसाला. त्या दिवशी त्यांना नेलं, घर रिकामं झालं, आणि मला आठवलं की कागद तसेच राहिलेत. भाकरी झाल्या की तव्यावर शेकते आणि घालते. सकाळी आणि संध्याकाळी.”

नीलांबिकेने वरचा कागद उलगडला. आतल्या पानावर सरांचाच फोटो होता, निधनाच्या बातमीतला. खांद्यावर ओलीचा तपकिरी डाग पडला होता.

“जो येतो तो हाच पेपर घेऊन येतो,” गौराक्का म्हणाल्या. “सात झाले. कागद चांगला आहे, शाई लागत नाही.”

फोटोखाली आमरी होती. देठ, पानं, खालचा इवलासा कंद, सगळं जागच्या जागी. फुलाचा रंग तेवढा उतरला होता. नीलांबिकेला तिथंच रडू फुटलं. गौराक्कांनी रडू दिलं आणि भाकरी उलटली.

झाड वाळलं की नाही हे सर गालाला लावून ठरवायचे. गार लागलं तर आत ओल आहे. नीलांबिकेने कागदासकट आमरी उचलून गालाला लावली. गार नव्हती. वाळून कुरकुरीत झाली होती, कालच झाली असेल. आता कागद बदलायची गरज नव्हती.

“अजून किती दिवस बदलायचे?” गौराक्कांनी विचारलं. त्यांनी संध्याकाळचे कागद काढून मांडीवर ठेवले होते आणि त्यांच्या घड्या तळहाताने सारख्या करत होत्या.

नीलांबिकेला उद्या पुन्हा पाच तास होते. पाय दुखत होते, ते उद्याही दुखणार होते.

“ओल आहे अजून, अक्का,” ती म्हणाली. “आठ दिवस तरी लागतील. मी रोज संध्याकाळी येत जाईन.”

गौराक्कांनी तिच्या हातातून आमरी घेतली, आपल्या गालाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“हो,” त्या म्हणाल्या. “गार लागतंय.”