मागच्या झाकणावरचं अक्षर

बोट वर झालं की समोरच्यानं गप्प बसायचं. डोळ्याला भिंग, मान खाली आणि डाव्या हाताचं एक बोट वर. ते खाली येण्याआधी गिऱ्हाइकानं एक शब्द जरी काढला, तरी घड्याळ तसंच उघडं परत मिळायचं. "जाव. पहिले कुठं तरी बोलून घ्या, मग या."

शहागंजात, मोठ्या रस्त्यावरून थोडं आत, त्या घड्याळजींचं दुकान होतं. तुमच्यापैकी कुणी त्या काळात तिथं घड्याळ दिलं असेल, तर त्यानंही बोलणी खाल्ली असतील. मला ते आवडत नव्हते. आजही आवडतात असं म्हणवत नाही. तरी त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

एकदा एक कारकून आले. घड्याळ रोज पाच मिनिटं मागं पडतं म्हणाले.

"दफ्तर कित्ते बजे का?"

"साडेदहाचं."

"पहुँचते कित्ते बजे?"

कारकुनांनी टोपी सारखी केली.

"फिर घड़ी को कायकू बदनाम करते?"

दुसरे एक कंत्राटदार. त्यांनी सोन्याचं घड्याळ काचेच्या बाजूनं फळीवर ठेवलं. "आप मुँह के बल सोते क्या?" असं विचारून यांनी ते बोटानं परत सरकवलं. कंत्राटदार तणतणत गेले आणि आठ दिवसांनी त्याच दुकानात परत आले, कारण जुनी घड्याळं खरी तिथंच बरी होत.

मी गेलो तो बहिणीच्या लग्नासाठी. आमचं गाव वेरूळकडं. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच, छावणीत खोली करून राहत होतो. सुपारी फुटली तेव्हा वडील भर बैठकीत बोलून गेले होते, "जावयाला चांदीचं झाकणाचं घड्याळ देईन. आमच्या घरात हाय." घरात होतं खरं, पण खिशातल्या घड्याळाचं नुसतं घर, वरची डबी. चांदीचं, झाकणावर वेलबुट्टी, आत काहीच नाही. मशीन कधीच गेलेली. वडिलांनी ते धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. "तू शिकलेला. शहरातनं मशीन बसवून आण. लग्नाला तीन आठवडे हायेत. सोयऱ्यापुढं माझी मान खाली जायला नको."

"चाचा, यात मशीन बसवायची होती," मी म्हणालो.

"चाचा नक्को. मैं तुम्हारा चाचा कैसे हुआ?"

मग मी त्यांना कोणत्याच नात्यानं हाक मारली नाही; त्यांनी विचारलं तेव्हा माझं नाव आणि गाव तेवढं सांगितलं. त्यांनी नखानं मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं. बोट वर गेलं. ते इतका वेळ वर राहिलं की माझ्याच खांद्याला रग लागल्यासारखं झालं.

"मशीन नहीं मिलेगी," ते म्हणाले.

"का?"

"नहीं मिलेगी बोला ना. कॉलेज में यही सिखाते क्या, का का करना?"

शेजारचा पानवाला हसला. मी घड्याळ फडक्यात बांधून निघालो.

मला राग आला होता. रागाच्या भरात मी ठरवलं की आपणच मशीन शोधायची. कागदाची गोल चकती कापून घराच्या आतल्या मापाची केली आणि छावणीच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगापुढं बसलो. दुसऱ्या खेपेला एक सापडली. डायलसकट, चालू, आणि चकतीला केसभरही फरक नाही. मी फार खूश झालो. ती घेऊन मुद्दाम त्यांच्याकडंच गेलो. खरं सांगायचं तर त्यांना खाली बघायला लावायचं होतं.

त्यांनी मशीन घरात नुसती टेकवली आणि माझ्यापुढं धरली. "पढ़ो, कित्ते बजे."

बारा आडवे पडले होते. जिथं तीन असायला हवेत, तिथं.

"घर झाकणाचं. झाकणाच्या घड्याळाची चावी तीनच्या आकड्यापाशी असते. तू लाया वो उघड्या तोंडाची. उसकी चावी बारा पे. तुमचा नवरदेव काय मान वाकडी करून टाइम बघणार? माप घेतलं, पण दरवाजा कुठं हाय ते नाही पाहिलं."

पानवाल्यानं या वेळी पान लावायचं थांबवून ऐकलं.

माझा तोल गेला. "तुम्हाला करायचंच नाही म्हणून कारणं सांगता. आमचं काम म्हणून. नाव ऐकलं की तुम्ही आधी माणूस बघता."

हे मी बोलायला नको होतं. त्यांचं बोट वर गेलं नाही. त्यांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि मागचं झाकण उजेडाला धरलं.

चांदीवर केसासारख्या बारीक ओरखड्यांच्या तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक उर्दू अक्षर आणि पुढं आकडे.

"कारीगर घड़ी खोलता तो अंदर निशान करता. कब खोली. मेरे वालिद तारखेच्या आधी मालिकाच्या नावाचं पहिलं अक्षर टाकायचे. ये मीम है, तुमचा म. तीनों बार मीम. तुझ्या आज्याचं नाव मीमवरून होतं?"

नव्हतं.

"ये घड़ी तुम्हारे गाँव के मदरसे के मास्टर की है. पुलिस ॲक्शन के साल, दंगे में गाँव छोड़के, वो अंग के कपड़ों में आए. महिनाभर ह्या माळ्यावर राहिले. सदरीच्या खिशात हात घालायचे, काढायचे. फिर घालायचे. टाइम पूछने की शरम आती थी उनको. एक दिन हैदराबाद को गए. बाद में खत नहीं आया." त्यांनी भिंग माझ्या हातातून ओढून घेतलं. "अब जाव. घर जाके पूछो."

मी शनिवारी गावी गेलो. वडील गोठ्यापुढं दोर वळत होते. मी झाकण उघडून त्यांच्यापुढं धरलं. मला वाटलं होतं, त्यांना ओरखडे दिसणारही नाहीत. त्यांनी एकदाच पाहिलं.

"मीम," ते म्हणाले.

वडील दोन इयत्ता त्याच शाळेत गेले होते, हे मला ठाऊक होतं. तेव्हा शाळा उर्दूतच असे. ते अक्षर त्यांना त्या मास्तरांनीच शिकवलं होतं, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तवा समद्यांनीच आणलं," ते दोर वळत म्हणाले. "घर उघडं पडलं व्हतं. कुणी हंडा नेला, कुणी दाराची चौकट नेली. तुझ्या आज्यानं पेटी आणली, तिच्यात हे व्हतं."

"आणि मशीन?"

"आम्ही पोरांनी काढली. चाकं लई छान फिरायची भुईवर. भिंगऱ्या केल्या." दोराला नवा पेड जोडत ते म्हणाले, "मास्तर मारायचे नाय कधी."

मग एकदम आवाज चढवून, "आता त्याचं काय? सोयऱ्याला शब्द दिलाय म्या. पोरीचं लगीन हाय. शहाणपणा करू नको. मशीन बसव अन् आण."

सोमवारी मी दुकानात गेलो आणि वडील जे बोलले ते सगळं सांगितलं. भिंगऱ्यांचंसुद्धा. माझं झाल्यावर त्यांनी मागच्या खणातून एक मशीन काढली. चावीची जागा तीनवर. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती त्यांच्याकडं होती. त्यांनी ती घरात ठेवली, अंगठ्यानं हलकेच दाबली, दोन स्क्रू फिरवले. घड्याळ चालू झालं. आमच्या घरात एवढी वर्षं असलेल्या त्या वस्तूचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मग त्यांनी सुई उचलली आणि मागचं झाकण उघडलं.

"निशान करना पड़ेगा. अक्षर कोणतं टाकू? जावयाचं, का मीम? जावयाचं टाकलं तर जावयाला दे. मैं कुछ नहीं बोलूँगा. मीम टाकलं तर ही घड़ी आहेरात देशील कशी?"

मला बहीण आठवली. भर बैठकीत ताठ बसलेले वडील आठवले. लग्नाला नऊ दिवस होते. पानवालाही तेव्हा इकडं बघत नव्हता.

"मीम," मी म्हणालो.

सुई चांदीवरून फिरली. मी म्हणालो, "आता हे तुमच्याकडंच ठेवा."

मला वाटलं होतं, ते निदान एकदा बरं बोलतील. ते भडकलेच. "मेरे पास? चोरी का माल मैं रखूँ? तेरे घर में आया, तूच सांभाळ. मास्टर का कोई मिला तो तू दे. नहीं मिला तो तू जवाब दे. साल में एक बार तेल को लाना. दुसऱ्याला उघडू देऊ नको."

मशीनचं काय द्यायचं ते मी विचारलं, तर म्हणाले, "जाव."

घरी मी वडिलांना झाकणातलं नवं मीम दाखवलं आणि हे आहेरात देता येणार नाही म्हणालो. लग्नात वडिलांनी सोयऱ्यांना सांगितलं, घड्याळ दुरुस्तीला दिलंय, मिळालं की पाठवतो. सांगताना ते माझ्याकडं बघत होते. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. व्याही मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घड्याळ काय, येईल आपल्या टायमानं." लोक हसले. बहिणीनं मान वर केली नाही.

वर्षानं मी तेल घालायला गेलो. त्यांनी तेल घातलं, निशाण केलं, बसही म्हणाले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. फक्त निघताना म्हणाले, "हैदराबाद को किसी को लिखा?" मी म्हणालो, दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. "तीसरा डालो," ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं बघून त्यांनी बोट वर केलं.

तिसऱ्या वर्षी गेलो तर दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. पानवाला म्हणाला, रमजानमधे गेले. मुलानं गिऱ्हाइकांची घड्याळं घरोघरी पोचती केली. "तुमचं काही राहिलंय का त्यांच्याकडं?" मी नाही म्हणालो. खिशात घड्याळ चालू होतं. मी फळ्यांपुढं थोडा वेळ उभा राहिलो. माझ्यावर ओरडायला कुणीच नव्हतं आणि ते मला बरं वाटेना.

त्या दिवाळीला दाजी आले. जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे हसत विचारलं, "काय हो, झालं का आमचं घड्याळ दुरुस्त?" वडील उठून गोठ्याकडं गेले. मी ट्रंकेतून घड्याळ आणून दाजींच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाला लावलं, खूश झाले. मग मागचं झाकण उघडलं.

"हे काय लिहिलंय?"

मी सगळं सांगितलं. कुणाचं, कुणी आणलं, कधी. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी दाजींनी झाकण मिटलं. घड्याळ खिशात घातलं नाही, माझ्या हातातही दिलं नाही. आम्हा दोघांच्या मधे, सतरंजीवर ठेवलं.